गोंदलेले निघते, पण वेळ लागतो

(संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी मंडळात केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा परगावी होती, म्हणून वडिलांनी घरी बसवले. तेव्हा बोलण्यात काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्या. कार्यवाहबाईंनी आग्रह धरला की दर संक्रांतीला तिळाच्या वड्या नि रुखवत यांवरच बोलणे होते, तर या खेपेला तुम्ही लेझरचे सांगा. मीही हो म्हटले. त्याला कारण आहे. 2024 साली भिशीचा पहिला नंबर तुम्ही सर्वांनी मला दिलात. कशासाठी हवा, हे एकीनेही विचारले नाही. ते पैसे कोठे गेले, ते आज सांगते. मुलाला विचारूनच सांगते आहे.

आमचा धाकटा सतरा वर्षांचा असताना, 2022 साली, मित्रांबरोबर यात्रेला गेला. रात्री घरी आला तो दंडाला रुमाल बांधून. मला वाटले, मारामारी केली. रुमाल सोडला तर दंडावर 'आई' असे गोंदवून आलेला! शेजारी लाल बदाम आणि बदामाला दोन हिरवी पाने. हे फार रागावले. मीही तोंडाने रागावले. पण खरे सांगू का, मनातून मला बरे वाटले. कोणत्या आईला वाटणार नाही?

मात्र बरे वाटता वाटता माझी नजर अक्षरांवर गेली. गोंदणाऱ्याने 'आइ' असे लिहिले होते. इ ऱ्हस्व! मी सातवीच शिकले असले तरी शुद्धलेखनात मला कधी दहापैकी नऊच्या खाली गुण पडले नाहीत. मी चटकन म्हणाले, "अरे, लिहवलेस ते तरी धड लिहवायचे. जन्मभर चुकीची आई घेऊन हिंडणार का?" पोरगा बिचारा दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच माणसाकडे गेला. त्याने वरचा रफार काढला, आणि नवे-जुने वेगळे दिसू नये म्हणून सगळीच अक्षरे पुन्हा जाड करून दिली. शाईवर शाई बसली. माझ्या त्या एका वाक्याची किंमत पुढे काय पडली, ते येईलच.

दोन वर्षे गेली. आमच्याकडच्या मुलांचे तुम्हाला ठाऊकच आहे, घरटी एक तरी सैन्यात जायला बघतो. हा भरतीच्या अकॅडमीत जाऊ लागला. पहाटे चारला उठून धावायचा. तिथल्या सरांनी एक दिवस सदरा काढायला लावला आणि दंड बघून म्हणाले, "हे चालणार नाही." सैन्याचा नियम असा आहे की गोंदण असेल तर ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असावे. आदिवासी समाजातील मुलांना त्यांच्या रीतीप्रमाणे सूट असते. बाकीच्यांना इतरत्र चालत नाही. गंमत बघा, माझ्या हातावर आजीने गोंदवून घेतलेली तुळस आहे, ती बरोबर आतल्या बाजूला. मी भरतीला गेले असते तर चालले असते, आणि माझ्या मुलाला माझ्याच नावापायी परत यावे लागणार होते.

त्याने मला काही सांगितले नाही. कोणाकडून तरी एक मलम आणले. लावले की साल निघते आणि शाई वर येते, असे विकणाऱ्याने सांगितले होते. साल निघाली हे खरे. शाई तिथेच. रात्री तापाने कण्हायला लागला तेव्हा मी चादर ओढली, तर दंड पिकलेला. बदामाच्या जागी जखम झाली होती. ती भरायला दोन महिने लागले आणि एक जाड व्रण राहिला. असली मलमे कोणी आणू नका. शाई कातडीच्या वरच्या थरात नसतेच, ती खालच्या थरात असते. वरचा थर तर सारखा झडतो नि नवा येतो. शाई वर असती तर महिन्याभरात आंघोळीबरोबर गेली असती.

मग आम्ही तालुक्याला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई वयाने लहान, माझ्या भाचीएवढ्या, पण समजावून सांगण्याची हातोटी मोठी. मी विचारले, "शाई राहतेच कशी? माणसाचे रक्त फिरते, घाम येतो, तरी शाई जागची हलत नाही?" त्या म्हणाल्या, "मावशी, आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. बाहेरचे काही आत शिरले की त्या ते गिळतात. शाईचे कणही त्या गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पोटात घेऊन बसून राहतात." 2018 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की ती पेशी मेली म्हणजे शाई बाहेर पडते आणि तिथेच आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. म्हणजे सासूने किल्ल्या ठेवल्या की सुनेने उचलल्या, घर तेच. म्हणून गोंदण जन्मभर टिकते.

आता लेझर काय करतो? लेझर म्हणजे उजेडच, पण एकाच रंगाचा आणि एका जागी एकवटलेला. पहिला लेझर 1960 साली अमेरिकेत मेमन नावाच्या शास्त्रज्ञाने चालवला, तो माणकाचा होता. लगेच काही वर्षांत तिथल्या गोल्डमन नावाच्या डॉक्टरांनी तो गोंदणावर लावूनही पाहिला. पण कातडी न जाळता नुसती शाई कशी फोडायची, हे कोडे नीट सुटायला 1983 साल उजाडले. अँडरसन आणि पॅरिश या दोघा डॉक्टरांनी त्याचा नियम मांडला. तो नियम मला स्वयंपाकघराच्या भाषेत असा समजला: निरांजनाच्या ज्योतीतून बोट झर्रकन नेले तर भाजत नाही, तिथेच धरले तर भाजते. लेझरचा झोत इतका थोडा वेळ पडतो की शाईचा कण तापून फुटतो, पण त्याची धग शेजारच्या मांसात पसरायला सवडच मिळत नाही. किती थोडा वेळ? एका सेकंदाचे शंभर कोटी भाग करा. त्यातले पाच-दहा भाग, बस्स. नवी यंत्रे त्याहूनही कितीतरी पट झटपट झोत टाकतात. ती 2012 नंतर बाजारात आली. त्यांना पैसे जास्त पडतात.

तर लेझर शाई पुसत नाही, हे लक्षात ठेवा. मीही आधी समजत होते की पाटीवरचे पुसावे तसे पुसतात. तसे नव्हे. तो खडा फोडतो. गुळाची ढेप बत्त्याने फोडली की डब्यात भरता येते, तसे. फोडलेला बारीक चुरा मग त्या राखणदार पेशी आणि अंगातला रस वाहून नेतात. फोडण्याचे काम मिनिटांचे, वाहून नेण्याचे महिन्यांचे. आणि वाहून नेणारे आपलेच शरीर. म्हणून वेळ लागतो.

मुलाने पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, दोन महिन्यांत निघेल का? भरती आहे." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आठ ते दहा खेपा. दोन खेपांत निदान आठ आठवडे. तूच हिशेब कर." पोरगा हिशेबात हुशार, त्याचे तोंड उतरले. त्याने विनवले की दर आठवड्याला करा, पैसे देतो. त्यावर बाईंनी साफ नाही म्हटले. कातडीला भरून यायला अवधी हवा, आणि आधीचा चुरा वाहून गेल्याशिवाय पुन्हा मारा करून उपयोग नाही. इटलीत 352 लोकांवर केलेला अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवड्यांहून जास्त अंतर ठेवणाऱ्यांचे गोंदण अधिक चांगले निघाले होते. आणि दहा खेपांनंतर संपूर्ण निघालेले लोक निम्म्याहूनही थोडे कमीच होते, पंधरा खेपांनंतर चारांत तीन. हे ऐकून मी भिशीचा पहिला नंबर मागितला.

खेपा कोणाला किती लागतील याचा अंदाज करायची डॉक्टरांची एक पद्धत आहे, 2009 साली ठरवलेली. सहा गोष्टी बघतात आणि प्रत्येकीला गुण देतात. शाळेच्या उलट, इथे गुण जितके जास्त तितके वाईट. आमच्या चिरंजिवांनी बहुतेक विषयांत भरघोस गुण मिळवले.

कातडीचा रंग हा पहिला. आपल्या सावळ्या कातडीत स्वतःचाच रंग असतो, आणि लेझरला काय ठाऊक की हा शाईचा रंग नि हा आईबापांनी दिलेला? तोही तो गिळतो. मग कातडी भाजते, नाहीतर पांढरी पडते. म्हणून आपल्याकडे 1064 क्रमांकाचा, डोळ्यांना न दिसणारा झोत वापरतात. तो कातडीच्या रंगाला कमी लागतो आणि खोल जातो. तोही हात राखून. म्हणून खेपा वाढतात. दुसरे, जागा. मान, छाती यांवरचे लवकर निघते, मनगट-घोट्यांवरचे उशिरा, कारण तिकडे रक्ताची नि रसाची ये-जा मंद. दंड मधला. तिसरे शाई किती भरली आहे, चौथे शाईवर शाई आहे का. इथे डॉक्टरीणबाई भिंग लावून म्हणाल्या, "हे दोनदा केलेले दिसते." मुलगा माझ्याकडे बघेना, मी मुलाकडे बघेना. शेवटी मीच सांगितले, ऱ्हस्व-दीर्घाचे. त्या म्हणाल्या, "मावशी, एक-दोन खेपा वाढल्या तुमच्या शुद्धलेखनाने." शाळेत नऊ गुण मिळाल्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

व्रण हा पाचवा. मलमाने भाजलेल्या जागी मांस घट्ट झाले होते, त्यातून चुरा हलत नाही. आणि शेवटचा विषय रंग. काळ्या कपड्यात ऊन जास्त लागते की नाही? तसेच काळी शाई सगळ्याच उजेडाला गिळते, म्हणून ती लवकर फुटते. लाल शाई हिरव्या उजेडाने फुटते, कारण लाल वस्तू लाल उजेड परत फेकते आणि हिरवा गिळते. हिरव्या शाईला तसाच लाल उजेडाचा झोत लागतो, आणि तो आमच्या तालुक्याच्या यंत्रात नव्हता. दोन इवलीशी पाने, पण त्यांच्यासाठी पुढे पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागल्या.

एवढे झाल्यावर बाईंनी सहज विचारले, "सिगारेट ओढतोस?" मी म्हणणार होते, छे, आमच्या घरात नाही. पण तो जमिनीकडे बघत होता. आईला कळायचे ते असे, डॉक्टरांच्या खोलीत. त्याच इटलीच्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांचे गोंदण निघण्याची शक्यता पुष्कळच कमी आढळली होती. ते त्यांनी त्याला शांतपणे सांगितले. मी बसस्टँडपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. बसमध्ये त्याने आपणहून खिशातले पाकीट काढून खिडकीतून टाकले. पुन्हा ओढली की नाही, मी पाळत ठेवलेली नाही. डॉक्टरांना वाटते नाही ओढली.

पहिली खेप 2024 च्या नारळी पौर्णिमेनंतर. आधी तासभर बधिर करायचे मलम लावून ठेवले. मग खोलीतल्या सगळ्यांना चष्मे, मलासुद्धा, कारण झोताचा कवडसाही डोळ्यांना घातक असतो. पेनासारखे यंत्र दंडाला टेकवले की टक्, टक् असा आवाज. रबर ताणून कातडीवर सोडावे तसे लागते म्हणाला, आणि गरम तेलाचा शिंतोडा उडावा तसे. गोंदवताना लागले त्याहून हे जास्त. पाच मिनिटांत काम झाले. आणि बघते तर काळी अक्षरे पांढरी! मी आनंदाने ओरडलेच. पण तो पांढरेपणा कातडीत उठलेल्या बारीक बुडबुड्यांचा असतो, पंधरा-वीस मिनिटांत जातो. अक्षरे पुन्हा जशीच्या तशी काळी. घरी येईतो दंड सुजला, दुसऱ्या दिवशी फोड आले. फोड फोडायचे नाहीत, खपली ओढायची नाही, मलम लावून झाकून ठेवायचे, आणि ऊन लागू द्यायचे नाही. भरतीची तयारी करणारा मुलगा आणि ऊन नको! तो पहाटेच्या काळोखात पळायचा आणि लांब बाहीचा सदरा घालायचा.

तिसऱ्या खेपेपर्यंत मला काही फरक दिसेना. ह्यांनी विचारले, "पैसे पाण्यात का?" एका खेपेला अडीच हजार जात होते. चौथ्या खेपेनंतर, 2025 च्या महाशिवरात्रीच्या सुमारास, एकदम अक्षरांच्या कडा विरू लागल्या. बदामाचा लाल रंग हिरव्या झोताने दोन खेपांत गेला, पण व्रणाखालचा तुकडा चिकटून राहिला. दरम्यान त्या वर्षीची भरती आली आणि गेली. त्याचे मित्र गेले. दोघे निवडले गेले, पेढे घेऊन घरी आले. त्याने पेढा खाल्ला, त्यांना मिठी मारली, आणि मागच्या दाराने शेतात निघून गेला. त्या रात्री मी देवापाशी बसून म्हटले, माझे नाव पुसायला इतका उशीर का करतोस? आईने आपले नाव पुसले जावे म्हणून देवाला हात जोडलेले मी तरी ऐकले नव्हते.

आठवी खेप 2025 च्या नोव्हेंबरात झाली, शेवटच्या दोन पुण्याला, हिरव्या पानांसाठी. सगळे मिळून पंधरा महिने.

आता तुमच्यासाठी दोन शब्द. भुवया आणि ओठ गोंदवून घेण्याची हल्ली चाल पडली आहे, लग्नाआधी मुली करतात. त्या रंगांत लोखंडाचा गंज किंवा पांढरा रंग मिसळलेला असू शकतो, आणि त्यावर लेझर पडला की तो निघण्याऐवजी काळा पडतो. गुलाबी ओठ काळे! काढायचे झाले तर डॉक्टरांनी आधी कोपऱ्यात एक ठिपका मारून बघायला हवा. ज्यांना जखमेवर मांस वाढायची खोड आहे त्यांनी ते आधी सांगावे. आणि लेझर डॉक्टरांच्याच हातून घ्यावा, दुकानात नव्हे.

मागच्या आळीतल्या आजींनी विचारले होते की हनुवटीवरचे ठिपके निघतील का. निघतील, आजी. आपले जुने गोंदण काजळीचे, सुईने हाताने टोचलेले, शाई थोडी. ते यंत्राच्या रंगीत गोंदणाहून बहुधा कमी खेपांत जाते. ते हिरवे दिसते, पण शाई काळीच असते. कातडीतून बघताना काळा रंग निळसर-हिरवा भासतो. डॉक्टरीणबाईंनी माझीही तुळस पाहिली आणि म्हणाल्या, "मावशी, ही चार-पाच खेपांत जाईल, काढायची का?" मी पदर ओढून घेतला. आजी म्हणायची की मेल्यावर बाईबरोबर दागिना येत नाही, गोंदण तेवढे येते. खरेखोटे देव जाणे. पण ती तुळस टोचताना आजीने माझा हात धरला होता, तो मला अजून आठवतो.

भरतीचा अर्ज त्याने भरला आहे. वयाच्या अटीत या वर्षी बसतो, पुढे नाही. काळी आई गेली, पण कातडीचा स्वतःचा रंग थोडा उडाल्यामुळे त्या जागी फिकट अक्षरे उमटली आहेत. तिरप्या उन्हात बघितले तर वाचता येतात, दीर्घ ई सकट. डॉक्टरीणबाई म्हणतात की रंग हळूहळू भरून येतो, काही महिने लागतात, कधी वर्षही लागते. तपासणारे लष्करी डॉक्टर याला काय म्हणतील, ते त्यांच्या हातात. पहाटे पळून आला की तो आरशासमोर बाही वर करून उभा राहतो. मी चुलीपाशी चहा गाळत विचारते, "दिसते का रे अजून?"

"थोडी," म्हणतो.